सव्वा तासावरचं हैदराबाद

हेमचंद्र सेलूकरांनी कमरेचा पट्टा काढून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये टाकला, एका हातानं पँट सावरली आणि रांग कशामुळे अडली आहे ते मान उंच करून पाहिलं. पुढच्या माणसाच्या पिशवीतून जवानानं स्टीलचा एक डबा बाहेर काढला होता.

“इसमें क्या है?”

“ठेचा है. मिरची का. खोल के देख लो, बम थोडाच है?”

बम हा शब्द ऐकताच जवानाचा चेहरा ताठ झाला. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तिघांनी मिळून डबा उघडला, हुंगला, आणि तिसरा जोरात शिंकला.

हेमचंद्रांनी डोळे मिटून घेतले. तिकिटं स्वस्त झाली, माणसं तीच राहिली, असं वाक्य त्यांच्या मनात आलं. वाक्य त्यांना आवडलं. पण ते ऐकवावं अशा लायकीचं कुणी आसपास दिसेना. मागं उभं असलेलं कुटुंब सिक्युरिटीच्या रांगेतही स्वतःचे फोटो काढत होतं.

“तेल है इसमें. नहीं जाएगा,” जवान म्हणाला.

डबेवाल्यानं वाद घातला नाही. बोट बुडवून ठेचा एकदा चाखला, झाकण लावलं आणि डबा जवानाच्या हातात दिला. “फेकना मत. भाकरी के साथ खाना,” असं म्हणून तो वळला, आणि हेमचंद्रांनी त्याला ओळखलं.

सांडू हिवराळे. पडेगावचा.

आठ वर्षांत डोकं सगळं पांढरं झालं होतं, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच होती. शाळेच्या प्रार्थनेला मुख्याध्यापक उभा राहतो तशी. हिवराळेंनीही त्यांना पाहिलं. ना नमस्कार, ना हसू. बुटाच्या नाड्या बांधून ते आत निघून गेले.

हेमचंद्रांच्या काल संध्याकाळपासूनच्या संतापाला आता एक नाव मिळालं. हा माणूस.

काल संध्याकाळी मनस्विनीचा फोन आला होता. तिच्या लग्नानंतरचा पहिला.

“बाबा, आईच्या पायाला लागलंय. रिक्षा उलटली. घोट्याचं हाड मोडलंय, परवा सकाळी ऑपरेशन आहे.”

“आई परभणीला आहे. मावशीकडे.”

“नाही बाबा. आई हैदराबादला आहे. माझ्याकडे.”

हेमचंद्रांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग मनस्विनी म्हणाली, “उद्याचं विमानाचं तिकीट पाठवते. यायचं तर या.”

हेमचंद्रांनी लगेच परभणीला मेव्हणीला फोन लावला. ती रडेल, माफी मागेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती म्हणाली, “वर्षातून दोनदा जाते ती, भावजी. तुम्ही मला एकदाही फोन करून विचारलं नाहीत, शैला पोचली का म्हणून. मग मला खोटंही बोलावं लागलं नाही.”

रात्रभर ते शैलाबद्दल विचार करत राहिले. संतापापेक्षा त्यांना कीव जास्त आली. बिचारीला मुलीच्या सासरच्यांनी, या हिवराळ्यांनी, फूस लावली असणार. त्या लोकांना काय, लग्न जमलं तेव्हाच लॉटरी लागली होती. भूगोल विभागप्रमुखाची मुलगी घरात आली. आता तिची आईही येऊन स्वयंपाकघरात बसते, म्हणजे मिरवायला आणखी काय हवं?

आत जाऊन त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची धरली. मोठ्या काचेतून मोकळी धावपट्टी दिसत होती. विमान कुठंच नव्हतं. थोड्या वेळानं एका मुलीनं माइकवरून आधी इंग्रजीत आणि मग कसल्याशा मराठीत सांगितलं, की हैदराबादहून येणारं विमान उशिरा येत असल्यामुळे जाणाऱ्या विमानाला विलंब होत आहे, होणाऱ्या गैरसोयीसाठी खेद आहे.

“किती विलंब?” हेमचंद्रांनी काउंटरवर जाऊन विचारलं.

“सर, अजून अपडेट नाहीये.”

“हैदराबाद इथून सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर आहे. तिथून विमान निघालं असेल तर किती वेळात येईल, हे तुम्हाला सांगता येऊ नये?”

“सर, फ्लाइट टाइम सव्वा तास असतो.”

“ते मी विचारलं नाही,” हेमचंद्र म्हणाले आणि परत फिरले. आयुष्यभर त्यांनी वर्गात हेच सांगितलं होतं. अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण या शहरात कुणालाही विचारा, पुणं पाच तासांवर, जालना तासाभरावर. अंतर तासांत सांगणाऱ्या विद्यार्थ्याला ते उभं करत आणि विचारत, “तुझी उंची किती मिनिटं आहे रे?” वर्ग हसायचा. आता त्यातलेच कुणीतरी विमानं चालवत असतील.

ते परत आले तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सांडू हिवराळे बसले होते. समोर चार्जिंगचा खांब होता आणि त्याला त्यांचा फोन लटकला होता.

“बाकीच्या प्लगात करंट नाय,” ते म्हणाले. “न्हाईतर तिकडंच बसलो असतो.”

हेमचंद्र उभेच राहिले. मग, दुसरीकडे जाऊन बसणं म्हणजे हरणं, असं वाटून बसले.

हिवराळेंना शुद्ध बोलता येतं हे हेमचंद्रांना ठाऊक होतं. एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून हिवराळेंनी केलेलं भाषण त्यांनी ऐकलं होतं. आपल्याशीच ते मुद्दाम असं बोलतात, चिखलाचे पाय गालिच्यावर पुसावेत तसं, असं त्यांना वाटलं.

“तुमचं येणं-जाणं नेहमीचं असेल,” शेवटी हेमचंद्र म्हणाले.

“कुठं?”

“हैदराबादला. मुलाकडे.”

हिवराळेंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “ते तुमचं असंल. जावयाच्या घरी.”

“मी त्या घराची पायरी चढलेलो नाही.”

“मी तरी कुठं चढलो?”

हेमचंद्रांना आधी वाटलं, हा थट्टा करतोय. पण हिवराळेंच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. खांबावरच्या फोनकडे बघत ते बोलत होते.

“पोराला सांगितलं होतं, हे लग्न करू नको. बामनाच्या घरची पोरगी आणशील तर जन्मभर सासऱ्यापुढं मान खाली घालून बसशील. आडनाव सांगताना जीभ अडखळंल तुझी. आम्ही उभी हयात चळवळीत घालवली, ती काय ह्याच्यासाठी? न्हाई ऐकलं. म्हटलं, मग माझ्या दारात येऊ नको.”

“तुम्ही विरोध केला?” हेमचंद्रांच्या आवाजात नकळत एक धार आली. “माझ्या मुलीला? तुम्ही?”

“का? आम्ही नाय म्हणायचं नसतं का?”

इतक्या वर्षांत ही शक्यता हेमचंद्रांच्या मनाला शिवलीच नव्हती. पडेगावच्या त्या घरात लग्नाच्या दिवशी पेढे वाटले असतील, फटाके वाजले असतील, हे चित्र त्यांनी इतक्यांदा मनात रंगवलं होतं की ते स्वतः तिथं हजर असल्यासारखं त्यांना आठवत असे. आपल्याला नाकारलं गेलं होतं, आणि तेही या माणसाकडून, ही गोष्ट गिळायला त्यांना जड गेली.

“मी आलो होतो तुमच्याकडे,” ते म्हणाले. “लग्नाच्या आधी. मुलाला आवरा, म्हणून सांगायला. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. ‘बरं’ म्हणालात आणि आत गेलात.”

“आलता ना. लक्षात हाय.” हिवराळे आता पुरते त्यांच्याकडे वळले. “अंगणात उभं राहून बोलले तुम्ही. मी खुर्ची टाकली, बसले नाय. रत्नमाला, माझी बायको, पाणी घेऊन आली.”

“मी घाईत होतो.”

“घाई नव्हती, सर. गल्लीच्या तोंडाला तुमची रिक्षा उभी होती, तिथं जाऊन तुम्ही टपरीवर च्या पिलात. पोरांनी सांगितलं मला.”

हेमचंद्रांनी खिशातून बोर्डिंग पास काढून तो पुन्हा वाचला.

“त्या दिवशी पाणी पिलं असतं ना तुम्ही,” हिवराळे शांतपणे म्हणाले, “तर हे लग्न मी मोडलं असतं. तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो. तुम्ही गेल्यावर पोराला म्हटलं, तुला काय करायचं ते कर. फक्त माझ्यापुढं येऊ नको.”

माइकवरच्या मुलीनं पुन्हा खेद व्यक्त केला. एक माणूस प्रवाशांना सँडविचच्या पुड्या वाटत फिरू लागला. हेमचंद्रांनी पुडी घेतली, आतला पाव दाबून पाहिला, ओठ मुडपले आणि पुडी बाजूच्या खुर्चीवर ठेवली. हिवराळेंनी आपलं सँडविच दोन घासांत संपवलं आणि हेमचंद्रांची पुडी उचलली.

“खाणार नाय ना?”

“घ्या.”

मुलाशी बोलायचं नाही, मग हा चालला कुठं? हा प्रश्न हेमचंद्रांना आता पडला. त्यांनी तो विचारला.

“बायकोचा हात मोडलाय,” हिवराळे म्हणाले. “काल तिचाच फोन आला. म्हणली, हैदराबादला हाय, हात मोडलाय, या. म्हटलं, अगं, तू तर विपश्यनेला गेलीस. शिबिरात हात कसा मोडला?”

“विपश्यनेला?”

“दर खेपेला शिबिराचंच नाव सांगती. धा दिवस मौन, फोन बंद. म्हणून मीबी फोन करीत नव्हतो. घरी आली की लई टवटवीत असायची. तोंडावर तेज. मी चार लोकांत सांगत फिरायचो, साधनेचा फायदा बघा म्हणून.” त्यांनी पाव चावला. “साधना कसली? नातीला खेळवीत बसायची तिथं.”

हेमचंद्रांना हसू आलं. त्यांनी ते आवरलं नाही, फक्त ओठांना खालच्या बाजूनं वळण दिलं. स्वतःच्या बायकोचा ठावठिकाणा ज्याला माहीत नाही, तो समाज सुधारायला निघाला होता.

“कशानं मोडला हात?”

“रिक्षा उलटली. ती आन् तिची कोण मैत्रीण, दोघी बाजारात निघाल्या होत्या. मैत्रिणीचा घोटा मोडला म्हणं.”

हेमचंद्रांचं हसू जागच्या जागी थांबलं.

“कोण मैत्रीण?”

“काय माहीत? मैत्रीण म्हणली. लई जुनी असल्यासारखी बोलत होती.”

हेमचंद्र काचेकडे बघत राहिले. एक लहान ट्रॅक्टर सामानाच्या रिकाम्या गाड्या ओढत चालला होता. त्याच्याकडे त्यांनी तो वळणाआड जाईपर्यंत पाहिलं.

“ती मैत्रीण म्हणजे माझी बायको,” ते म्हणाले.

हिवराळेंचा घास तोंडातच राहिला. मग त्यांनी तो सावकाश गिळला.

“तुमच्या बाई? तुम्हाला काय सांगून गेल्या होत्या?”

“परभणीला बहिणीकडे जाते म्हणून.”

“दिवाळी झाल्यावर?”

“दिवाळी झाल्यावर. आणि उन्हाळ्यात.”

“उन्हाळ्यात शिबिर ऱ्हातं आमचं,” हिवराळे म्हणाले.

परभणी. हेमचंद्रांना परभणी कधीच आवडली नव्हती. धुळीचं गाव, असं ते म्हणत. पण शैला परतताना तिथली बिस्किटं आणायची. गोल, खुसखुशीत, किंचित खारट. कुठलीशी नवी बेकरी निघाली आहे म्हणायची. कॉलेजातले जुने सहकारी घरी आले की हेमचंद्र ती बशीत मांडायला लावत आणि म्हणत, परभणीत दुसरं काही नाही, पण बिस्किटं मात्र उत्तम करतात. शैला चहा ओतत असायची. तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्याचं त्यांना आठवेना.

“तुमच्याकडे बिस्किटं यायची का हो?” त्यांनी विचारलं. “गोल. खारट-गोड.”

“उस्मानिया. हैदराबादची. डबा भरून. शिबिरातून प्रसाद देतात म्हणायची.” हिवराळे थांबले. “विपश्यनेत कुठला आलाय प्रसाद? मलाबी कळाय पायजे होतं.”

हे ऐकून हेमचंद्रांना बरं वाटायला हवं होतं. शेजारचा माणूस आपल्यापेक्षा अधिक फसला होता. पण बरं वाटेना. या माणसाला हिणवावं तर तेच शब्द उलटून आपल्या अंगावर येतात, असं प्रथमच होत होतं, आणि त्याचा त्यांना मनस्वी राग आला.

“मूर्ख बनवलं आपल्याला,” ते म्हणाले.

“आपल्याला म्हणू नका, व्याही. तुम्हाला तुमच्या बाईंनी बनवलं, मला माझ्या बायकोनं.”

व्याही. हा शब्द त्यांना उद्देशून आजवर कुणी वापरला नव्हता. हेमचंद्रांच्या कानशिलाची शीर उडली. पण तो शब्द खोडून काढायला दुसरा कुठला शब्द वापरावा ते त्यांना सुचेना.

दुपार कलली तेव्हा विमान आलं. आत त्यांची जागा खिडकीशी होती आणि हिवराळे दोन रांगा मागं होते, हे चांगलं झालं. शैलाला काय बोलायचं ते जुळवायला त्यांना निवांतपणा हवा होता. विमान वर चढलं. एमआयडीसीची पत्र्याची छपरं मागं पडली, पिवळी-तपकिरी शेतं सुरू झाली. शैला, मी तुझ्याकडून ही अपेक्षा केली नव्हती. हे फार मिळमिळीत होतं. शैला, खोटं बोलण्याची गरज तुला का वाटली? याचं उत्तर ती देईल अशी भीती होती. खाली गोदावरीचा पट्टा दिसला. नकाशात जसा दाखवतात अगदी तसाच, आणि एरवी त्यांनी तो डोळे भरून पाहिला असता. त्यांनी पुन्हा वाक्याला सुरुवात केली. तेवढ्यात पट्टे बांधण्याची सूचना झाली. विमान खाली उतरू लागलं होतं.

बाहेर अभय उभा होता. मनस्विनीनं लग्नाआधी दाखवलेल्या फोटोत होता त्यापेक्षा जाडा झाला होता. वडिलांकडे आणि सासऱ्यांकडे त्यानं सारख्याच नजरेनं पाहिलं, दूरच्या नात्यातल्या म्हाताऱ्यांना उतरवून घ्यायला यावं तसं. “या,” म्हणाला. दोघांच्या बॅगा घेतल्या. गाडीत मागच्या सीटवर नातीची बसायची छोटी खुर्ची बांधलेली होती. तिच्या एका बाजूला हेमचंद्र, दुसऱ्या बाजूला सांडू हिवराळे बसले. खुर्चीवर बिस्किटाचा चुरा पडला होता.

“करुणा शेजाऱ्यांकडे आहे,” अभय आरशात बघून म्हणाला. “तिला तुम्ही येणार हे सांगितलेलं नाही.”

“का?” हिवराळेंनी विचारलं.

“आला नसतात तर?”

गाडी बराच वेळ चालली. विमानाला लागला होता त्यापेक्षा जास्त वेळ लागतोय की काय, असं हेमचंद्रांना वाटलं, पण त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर अभय लिफ्टपाशीच थांबला. “या पॅसेजमधली शेवटची खोली. दोघी एकाच खोलीत आहेत, त्यांनीच हट्ट धरला. तुम्ही व्हा पुढं. मी मनूला बोलावून आणतो.”

दोघं चालू लागले. पॅसेज लांब होता आणि फिनेलचा वास येत होता. अर्ध्या वाटेवर त्यांना हसणं ऐकू आलं. बाईचं, पण दार-भिंती न जुमानणारं. आधी गडगडाट, मग दम लागून थांबणं, मग नाकातून फुर्रकन हवा सुटणं आणि पुन्हा गडगडाट.

हेमचंद्रांच्या कपाळाला आठी पडली.

“हॉस्पिटल आहे की तमाशाचा फड? आजारी माणसं आहेत आजूबाजूला. हे असं हसणं म्हणजे...” त्यांनी हिवराळेंकडे पाहिलं. “तुमच्याकडच्या असतील.”

हिवराळे थांबून ऐकू लागले. आतून एक खालचा आवाज काहीतरी सांगत होता, कुणाची तरी नक्कल करत असल्यासारखा. त्यावर पुन्हा ते हसणं उसळलं.

“बोलती ती आमची,” हिवराळे म्हणाले. “हसती ती नाय. आमची हसती तर तोंडाला पदर लावून.”

“मग तिसरी कुणीतरी असेल. शैला अशी हसत नाही.”

“दोघीच हायेत खोलीत, म्हणला ना पोरगा.”

“अहो, मी सांगतो ना. चाळीस वर्षं ओळखतो मी तिला.”

ते तरातरा पुढं गेले. दारावरचा नंबर पाहिला. अलीकडच्या दारावरचा पाहिला. पलीकडे दार नव्हतं, भिंत होती.

“अगं रत्ना, पुरे गं! पाय हलतोय माझा, मेले मी,” आतून शैलाचा आवाज आला, आणि पाठोपाठ तेच हसणं, आता अगदी जवळून, शेवटी फुर्रकन हवा सुटेपर्यंत.

हेमचंद्रांचा हात दाराच्या मुठीवर गेला होता. हिवराळेंनी त्यांचं मनगट धरलं. पकड मऊ होती, पण सुटण्यासारखी नव्हती.

“थांबा जरा, सर,” ते हळू आवाजात म्हणाले. “आपण आत गेलो की बंद पडंल.”

भिंतीला लागून एक लोखंडी बाक होता. हिवराळे त्यावर जाऊन बसले. हेमचंद्र थोडा वेळ दारापाशी उभे राहिले, मग तेही येऊन बसले. समोरून औषधांची गाडी ढकलत एक नर्स आली आणि त्यांना पाहून थबकली.

“मिलने आए हैं ना? अंदर जाइए. टाइम खतम हो रहा है.”

हेमचंद्रांनी ओठांवर बोट ठेवलं.

“थोडा ठहरिए,” ते म्हणाले. “हम लोग अभी आए हैं.”